बिल ऑफ लेडिंगमागचे जहाज

अडतीस वर्षांच्या बँकसेवेतील अकरा वर्षे मी मुंबईच्या विदेशी विनिमय शाखेत काढली. आयात-निर्यात करणाऱ्या आपल्या समाजातील वाचकांना त्या टेबलाचे काम सांगायला नको. बिल ऑफ लेडिंगच्या तीन मूळ प्रतींचा संच, विमापत्र, बीजक, मूळस्थानाचा दाखला हे सारे कागद पतपत्रातील अटींशी अक्षरशः ताडून पाहायचे, स्वल्पविरामाचा फरक आढळला तरी हरकत नोंदवायची. बँक कागदांचा व्यवहार करते, मालाचा नव्हे, हे या शास्त्राचे पहिले सूत्र. बिलावर एक रकाना जहाजाच्या नावाचा असे. अशी हजारो नावे मी वाचली, खूण केली आणि पुढे सरकलो. त्यांतील एकाही जहाजावर माझे पाऊल पडले नव्हते.

निवृत्त झालो त्या वर्षी, म्हणजे २०१८ च्या उन्हाळ्यात, आम्ही उभयता चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियाला गेलो. सूनबाईंनी आमच्यासाठी एक बेत आखून ठेवला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर 'जेरेमाया ओब्रायन' नावाचे दुसऱ्या महायुद्धातील मालवाहू जहाज जतन करून ठेवले आहे. वर्षातून मोजक्या वेळा ते प्रवासी घेऊन, स्वतःच्या वाफेवर, उपसागरात दिवसभराची फेरी मारते. मे महिन्यातील फेरी समुद्रात प्राण गमावलेल्या खलाशांच्या स्मरणार्थ असते, आणि तिचीच तिकिटे काढलेली होती. माझा पहिला विचार खरे सांगायचे तर जेवणाचा होता. जहाजावर मिळणारे अन्न आपल्याला चालणारे नसणार. सौ.ने दशम्या, मेथीचे ठेपले आणि कोरडी चटणी असा डबा बांधला आणि तो प्रश्न मिटला.

धक्क्यावरून ते जहाज पाहिल्यावर 'सुंदर' हा शब्द कोणाच्याही तोंडी येणार नाही. करडा रंग, ठोकळेबाज बांधा, मधोमध एक चिमणी, मालाच्या तोंडांवर झुकलेल्या डोलकाठ्या. लांबी ४४१ फूट, रुंदी ५७ फूट. पुढे व मागे तोफा. या जातीच्या जहाजांना लिबर्टी जहाजे म्हणत. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेने अशी २७०० हून अधिक बांधली. जर्मन पाणबुड्या जितक्या वेगाने जहाजे बुडवीत, त्याहून अधिक वेगाने ती बांधायची, असा तो सरळ हिशेब होता. मोठमोठे भाग वेगवेगळ्या ठिकाणी आधीच तयार करायचे, क्रेनने आणून बसवायचे, आणि रिव्हेट ठोकण्याऐवजी वेल्डिंगने जोडायचे. याच उपसागराच्या पलीकडील काठावर, रिचमंड येथे, 'रॉबर्ट पिअरी' नावाचे जहाज नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत पाण्यात उतरवले गेले. तो विक्रम प्रसिद्धीसाठी होता हे खरे. परंतु आमचे 'ओब्रायन'सुद्धा मेन राज्यातील साउथ पोर्टलंड येथे अवघ्या ५६ दिवसांत उभे राहिले. आपल्याकडे एखाद्या वखारीचा पायासुद्धा इतक्या दिवसांत भरून होत नाही. घाईची किंमतही मोजावी लागली. थंड पाण्यात काही जहाजांच्या पोलादाला तडे गेले.

या जहाजांचे आयुष्य पाच वर्षांचे धरलेले होते. घसारा काढण्यात हयात घालवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून हसू आले. पाच वर्षांत वहीतून निघून जायची मालमत्ता पंच्याहत्तराव्या वर्षी माझ्या पायाखाली थरथरत होती, शिट्टी फुंकत होती, आणि धक्क्यापासून सुटून निघाली होती.

वर गार वारा होता. सौ. साडीवर दोन स्वेटर घालून बाकावर बसली. बोलक्या स्वभावामुळे शेजारच्या दोन अमेरिकन आजींशी तिची मैत्रीही झाली. नातू मला ओढत इंजिनरूमकडे घेऊन गेला. लोखंडी जिने इतके उभे की उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवावे लागते. एकेक मजला खाली जाताना थंडी सरली, मग ऊब आली, मग घाम. तेलाचा आणि वाफेचा एक दमट वास. आणि तळाशी दुमजली घराएवढे उंच, उघडे, चालते इंजिन.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, यंत्रांचे मला काडीचे ज्ञान नाही. परंतु हे यंत्र अडाण्यालाही समजते, कारण त्यात झाकलेले काही नाही. वाफ प्रथम साडेचोवीस इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जाते. तिथे काम करून थकली की सदतीस इंचांच्या सिलिंडरमध्ये, आणि उरलासुरला जोर सत्तर इंचांच्या मोठ्या सिलिंडरमध्ये वापरला जातो. मग ती पुन्हा पाणी होऊन बॉयलरकडे परतते. एकाच वाफेकडून तीनदा काम घेणारी ही काटकसर पाहून मला आमच्या आजोबांची पेढी आठवली, जिथे पाकीट उलटे करून त्यावर हिशेब लिहीत. ताकद अडीच हजार अश्वशक्ती, फेरे मिनिटाला शहात्तर, वेग ताशी अकरा सागरी मैल. सायकलवाला शर्यतीत हरवील असा वेग! त्या वेगाने, पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रात.

एक वृद्ध स्वयंसेवक फिरणाऱ्या दांड्यांच्या मध्ये लयीत हात घालीत होता आणि बाहेर काढीत होता. नातवाने विचारले, तेव्हा त्याने सांगितले की तो बेअरिंग तापले आहे का, हे तळहाताने पाहतो. प्रत्येक फेऱ्यात एक क्षण असा येतो की हात सुरक्षित आत जातो आणि बाहेर येतो. "आणि टॉर्पेडो लागला तर इथल्या माणसांचे काय व्हायचे?" असे नातवाने पुढे विचारले. त्याने वरच्या जिन्यांकडे बोट दाखवले आणि काही बोलला नाही. आम्ही नुकतेच उतरून आलो होतो ते जिने मी पुन्हा पाहिले. पाण्याच्या रेषेखाली, उकळत्या वाफेच्या नळ्यांमध्ये, माणसे चार-चार तासांच्या पाळीने उभी राहत. ('टायटॅनिक' चित्रपटात दिसणारे इंजिन याच जहाजाचे आहे, ही माहिती नातवाला अधिक मोलाची वाटली. तेही ठीकच.)

या जहाजाने १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंड आणि नॉर्मंडीचा किनारा यांमध्ये सैन्याचा माल नेत अकरा फेऱ्या केल्या. पुढे ते प्रशांत व हिंदी महासागरात आले आणि भारतातील बंदरालाही लागले. युद्धानंतर तेहेतीस वर्षे ते सुइसन उपसागरात शेकडो जहाजांबरोबर गंजत उभे होते. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी तिथेच बॉयलर पेटवले आणि ते स्वतःच्या वाफेवर बाहेर काढले. १९९४ मध्ये, स्वारीच्या पन्नासाव्या वर्षी, बहुतेक वयस्कर खलाशांनी ते पनामा कालव्यातून पुन्हा नॉर्मंडीला नेले. निवृत्तीनंतर काय करावे, असे मला विचारणाऱ्या मित्रांना मी हे उदाहरण देतो.

दुपारी गोल्डन गेट पुलाखाली धुके होते. भोंगा वाजला, प्रार्थना झाली आणि पुष्पचक्र पाण्यात सोडले गेले. बाकावरच्या त्या दोन आजींपैकी एकीने सौ.चा हात धरला होता. तिचे वडील व्यापारी जहाजावर होते, एवढे सौ.ने मला नंतर सांगितले. अमेरिकेतील व्यापारी खलाशांना युद्धात लढलेल्या सैनिकाचा दर्जा मिळायला १९८८ साल उजाडावे लागले. गणवेश नाही, म्हणून सैनिक नाही, असा हा कागदी न्याय.

मला त्या वेळी आठवण झाली ती मात्र आमच्या सांगलीच्या पेढीची, आणि तिचे कारण सांगायला हवे.

१९४० च्या अखेरीस ब्रिटिशांचे एक शिष्टमंडळ संडरलंडच्या कारखान्यातील साध्या मालवाहू जहाजाचा आराखडा घेऊन अमेरिकेला व कॅनडाला गेले. अमेरिकेत त्यात फेरबदल होऊन लिबर्टी जहाज झाले. कॅनडात त्याच आराखड्यावर जी जहाजे झाली, त्यांतील अनेकांची नावे 'फोर्ट' या शब्दाने सुरू होत. इंजिनसुद्धा त्याच जातीचे, फक्त कोळशावर चालणारे. त्यांतील एक, १९४२ मध्ये प्रिन्स रूपर्ट येथे बांधलेले, म्हणजे 'फोर्ट स्टिकिन'. मुंबईच्या जुन्या व्यापारी घराण्यांत हे नाव अजून विसरलेले नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ते उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, कराचीत चढवलेल्या रुईच्या हजारो गाठी, वंगणतेलाची पिंपे, आणि सोन्याच्या १२४ विटा. स्फोटके आणि रुई एका जहाजात! कोणताही अडत्या रॉकेलशेजारी कापूस ठेवणार नाही. पण युद्धात जागा मिळेल तिथे माल भरला गेला. दुपारी रुईला आग लागली. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. डझनभर जहाजे, गोदीलगतच्या वखारी आणि मांडवीची वस्ती पेटली. मृतांच्या आकड्यांवर एकमत नाही, पण ते शेकड्यांनी होते. आग विझवताना ६६ अग्निशामक गेले. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठी पाळला जातो.

आजोबांची हळद त्या वेळी मांडवीतील एका वखारीत होती. आणि पट्टी व हिशेब आणण्यासाठी आमचे मुनीम दोन दिवस आधी मुंबईला गेले होते.

वृत्तपत्रांवर निर्बंध होते. सांगलीत बातमी आली ती कुजबुजीने. आजोबा मिरजेहून गाडीने मुंबईला गेले आणि आठ दिवस रुग्णालये व धर्मशाळा पालथ्या घातल्या. मुनीमकाका सापडले नाहीत. त्यांचा देहही नाही. माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. आजोबा परत आले ते अंघोळ करून थेट पेढीवर न बसता मुनीमकाकांच्या घरी गेले, एवढेच ते सांगत.

पुढे सरकारने अध्यादेश काढून नुकसानभरपाई दिली. हळदीचे पैसे उशिरा का होईना आले आणि ते खाते १९४४ च्या वहीला जोडलेल्या कागदांसह बंद झाले. मुनीमकाकांचे खाते आजोबांनी बंद केले नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांचा पगार जमा, आणि त्याच दिवशी काकूंच्या नावे खर्ची. माणूस नाही, पण पगार चालू! हिशेबतपासनीसाने याला हरकत घेतली असती. आजोबा गेल्यावर वडिलांनी तेच चालवले. काकू १९६९ पर्यंत होत्या. दिवाळीत वहीपूजनाला त्या यायच्या आणि भिंतीला टेकून शांत बसायच्या. लहानपणी मी त्यांना आमच्याच नात्यातील समजत होतो, आणि ते चूक आहे असे मला घरात कोणी सांगितलेही नाही.

श्रीपाल-मैनासुंदरीच्या कथेत धवल शेठची जहाजे आपण सर्वांनी ऐकली आहेत. त्यांवरचा माल, श्रीपालाचे समुद्रात पडणे, सारे पाठ असते. जहाजे वल्हवणारी माणसे मात्र कथेत निनावीच राहतात. दुसऱ्या महायुद्धातही तसेच झाले. ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये कोकणातील, सिल्हेटचे, नोआखालीचे असंख्य खलाशी होते. त्यांतील सुमारे सहा हजार समुद्रात गेले. त्यांच्या नावांची स्मरणवही मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे, आणि तशीच एक चितगावला. मस्जिदच्या मसाला बाजारात आपल्यातील कित्येकांची गादी तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मीसुद्धा नोकरीच्या काळात त्या इमारतीवरून अनेकदा गेलो आहे.

२३ मे २०२० रोजी चिरंजीवांचा फोन आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच ४५ क्रमांकाच्या धक्क्यावर पहाटे मोठी आग लागली होती. धक्क्यावरची मोठी वखार, कोळी लोकांची जाळी व खेकड्यांचे पिंजरे, सर्व भस्म झाले. जहाज ज्वाळांपासून काही फुटांवर होते. अग्निशमन दलाच्या 'सेंट फ्रान्सिस' या बोटीने त्याच्या अंगावर पाण्याची भिंत धरली आणि ते वाचले. रंग पोळला, एवढेच. टाळेबंदीत घरी बसून मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. सौ.ने चौथ्यांदा लावू दिली नाही.

मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी फेरीच्या तारखा आधी पाहून ठेवाव्यात. मे महिना असला तरी लोकरीचे कपडे आणि डबा सोबत घ्यावा. गुडघे साथ देत असतील तर इंजिनरूमपर्यंत जरूर उतरावे. नसतील तर नातवाला पाठवावे आणि वर आल्यावर त्याला काय दिसले ते विचारावे.