कुठल्या धक्क्यावरून?

क्रूझच्या माहितीपत्रकात रोम समुद्रकाठी असते. फ्लॉरेन्सही असते, पॅरिसही, आणि कहर म्हणजे बर्लिनसुद्धा. निळ्या रेषेला टेकलेला लाल ठिपका, ठिपक्याशेजारी शहराचे नाव, की झाले! प्रत्यक्षात रोमची बोट उभी असते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम 80 किलोमीटरच्या आसपास. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचे. पॅरिससाठी ल आव्रला, आणि पुढे 200 किलोमीटर. बर्लिनचे बंदर म्हणजे वार्नेम्युंडे. तिथून बर्लिन बघून परत यायचे तर दिवसातले पाच-सहा तास गाडीतच जातात. लंडन म्हणजे बहुधा साउथॅम्प्टन, बँकॉक म्हणजे लाएम चाबांग. व्हेनिसची तर गंमतच झाली. 2019 साली एमएससी ओपेरा ही बोट जुदेक्का कालव्यात धक्क्याला आणि एका पर्यटक नौकेला धडकली, आणि 1 ऑगस्ट 2021 पासून इटलीने 25,000 टनांहून मोठ्या बोटींना त्या कालव्याची वाट बंद केली. तेव्हापासून व्हेनिसच्या नावाने विकलेल्या काही सफरी रावेन्नाहून सुटतात. म्हणजे मुंबईच्या नावाने तिकीट काढावे आणि बोट पुण्याहून निघावी, इतके अंतर.

याला फसवणूक म्हणता येत नाही. खऱ्या बंदराचे नाव बारीक अक्षरांत तिथेच छापलेले असते. पण मराठी घरात क्रूझ ठरते ती बारीक अक्षरांवरून नव्हे. आधी बोटीचा व्हिडिओ बघितला जातो: अकराव्या मजल्यावरची घसरगुंडी, थिएटर, मध्यरात्री उघडा असलेला बुफे. मग कंपनी ठरते, मग बाल्कनीची केबिन की बिनखिडकीची यावर दोन संध्याकाळी वाद होतो. बंदराकडे लक्ष जाते ते विमानाची तिकिटे काढायची वेळ आली की. हा क्रम उलटा असायला हवा. बोटीवरचा बुफे जगात कुठेही साधारण सारखाच असतो. व्हिसा, विमानभाडे, हवामान, समुद्राचा स्वभाव आणि उतरल्यावर हातात राहणारे तास मात्र सगळे बंदरावर अवलंबून असतात.

घराजवळचे उदाहरण घ्यावे तर गोव्याचे. मुंबईची क्रूझ गोव्याला जाते म्हणजे मुरगावला जाते. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. जुन्या कोकण बोटीचा उतारू हे ऐकून हसला असता. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली ती बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत थेट मांडवीत शिरायची आणि माणसांना पणजी शहरातच उतरवायची. बोट लहान, तळ उथळ, म्हणून ते जमे. तिच्यात ना थिएटर होते ना घसरगुंडी. डेकवर चादर पसरून चाकरमानी, कोंबड्या, फणस आणि ट्रंका एकत्र झोपत. वाटेतल्या बंदरांवर मात्र ती बरेचदा बाहेर खोल पाण्यातच थांबायची आणि माणसांची ने-आण पडावातून व्हायची. पाणी उसळते असले तर बोटीच्या शिडीवरून पडावात पाय टाकणे ही कसरतच असे.

ती कसरत अजून संपलेली नाही, फक्त तिला आता ‘टेंडर’ म्हणतात. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या बोटीला अगत्तीच्या उथळ खाजणात शिरता येत नाही. ती बाहेर उभी राहते आणि प्रवासी छोट्या होड्यांतून बेटावर जातात. लाटा चढल्या की कप्तान उतरणे रद्द करतो, आणि तो त्याचा अधिकारच आहे. लक्षद्वीपसाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. बंगाराम वगळता बेटांवर दारूबंदी आहे. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बरोबर असतील तर सफरीतल्या कुठल्या बंदरात बोट धक्क्याला लागते आणि कुठे नांगर टाकून बाहेर थांबते, हा प्रश्न बाल्कनीच्या आधी विचारायचा असतो. बुकिंग करणाऱ्यालाही त्यासाठी सफरीचा कागद उघडून बघावा लागतो.

आणि तरी, धक्क्याच्या बाबतीत मुंबईकराइतका भाग्यवान उतारू विरळा. मुंबईची क्रूझ सुटते ते बॅलार्ड पिअर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटर. कल्याणहून लोकलने यावे आणि टॅक्सीत बसल्या बसल्या बोट दिसावी. याच बॅलार्ड पिअरवर पूर्वी मोल स्टेशन होते. विलायतेची टपाल बोट आली की साहेब लोक सामानासकट तिथल्याच गाडीत चढत. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामात तिथूनच पेशावरकडे निघे. बोट आणि आगगाडी यांची इतकी जवळची गाठ युरोपातल्या अनेक नामांकित बंदरांनाही आज जमत नाही. 20 सप्टेंबर 2025 ला इथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. धक्का जुना, इमारत नवी, आणि बोटी?

बोटींची गोष्ट थोडी नाजूक आहे. कोर्डेलिया क्रूझेसने सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून चालवलेली ‘एम्प्रेस’ 1990 साली फ्रान्समध्ये सँ-नाझेरला बांधली गेली. तेव्हा ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होती, मग रॉयल कॅरिबियनची ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, मधल्या काळात स्पॅनिश कंपनीकडे नांदून आली. तिच्या आधी, एप्रिल 2019 मध्ये, जालेश क्रूझेसची ‘कर्णिका’ मुंबईत आली होती. तीही 1990 चीच, आणि आयुष्यात पाच-सहा नावे बदललेली. वर्षभरात कोरोना आला, कंपनी बंद पडली आणि 2020 च्या अखेरीला कर्णिका अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात चढली. 2018 मध्ये मुंबई-गोवा मार्गावर कान्होजी आंग्र्यांच्या नावाची ‘आंग्रिया’ही मोठ्या थाटात सुरू झाली होती. मुंबईत कंपन्या येतात नि जातात. म्हणून इथे कंपनी निवडताना घसरगुंडीपेक्षा पैसे परत मिळण्याची कलमे नीट वाचावीत.

परदेशातही कंपन्या बुडतात, पण बोटी सहसा दुसऱ्या नावाने तरंगत राहतात. सिंगापूरहून निघणारी ‘गेंटिंग ड्रीम’ हे त्याचे ठळक उदाहरण. तिची मूळ कंपनी गेंटिंग हाँगकाँग जानेवारी 2022 मध्ये कोसळली. त्याच वर्षी रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली तीच बोट पुन्हा सुरू झाली. त्याच उद्योगसमूहाची जर्मनीत अर्धवट पडलेली एक अजस्र बोट डिस्नेने विकत घेतली आणि सिंगापूरसाठी ‘डिस्ने अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून पुरी केली. या बोटीच्या तीन-चार रात्रींच्या सफरी कुठल्याच बंदराला न लागता समुद्रातच फिरून परत येण्यासाठी आखलेल्या. बंदर आधी म्हणणाऱ्याला हा टोमणाच. पण निघण्याचे बंदर सिंगापूर आहे म्हणूनच तो परवडतो. मरीना बेचा धक्का शहरातच आहे, आणि सफरीच्या आधी-नंतर दोन दिवस हिंडायला शहरात भरपूर आहे. शिवाय गेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी जेवण मिळते. दहा माणसांच्या कुटुंबात कुणी जैन जेवणारे असेल, तर यादीतल्या निम्म्या बोटी तिथेच गळतात.

बोटीच्या आकाराबद्दल एक हिशेब घरबसल्या करता येतो. बोटीचे ‘टन’ म्हणजे वजन नव्हे. ते तिच्या आतल्या बंदिस्त जागेचे माप. एम्प्रेस सुमारे 48 हजार टनांची. केबिनमागे दोन माणसे धरली तर 1,600 प्रवाशांची. माणशी 30. गेंटिंग ड्रीम दीड लाख टनांची, प्रवासी 3,350 च्या घरात, माणशी 45. जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्यांदा निघालेली ‘आयकॉन ऑफ द सीज’ 2 लाख 48 हजार टनांची, प्रवासी 5,600, माणशी 44. गर्दी प्रवाशांच्या आकड्यावरून ओळखू येत नाही, ती या भागाकारातून कळते. पण हा हिशेब लावायचा तर तिसऱ्या-चौथ्या बर्थवरची मुले त्यात धरलेली नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. भारतीय कुटुंबे केबिनमध्ये दोघेच झोपतात, असे मानणारा हिशेबनीस नक्कीच भारतीय नसणार.

भूमध्य समुद्रात वेगळाच पेच असतो. एमएससी आणि कोस्टा या मूळच्या इटालियन वळणाच्या कंपन्या एकाच फेरीत बार्सिलोना, मार्सेय, जेनोवा, चिवितावेक्किया अशा प्रत्येक बंदरात नवे प्रवासी चढवतात. हे फार सोयीचे, कारण ज्या शहराचे विमान स्वस्त तिथून चढावे. पण मग बोटीवर रोजच कुणाचा तरी पहिला दिवस आणि कुणाचा तरी शेवटचा. उद्घोषणा पाच भाषांतून, बुफेच्या दाराशी रोज नवे गोंधळलेले चेहरे. याची एक काळी बाजूही आहे. 13 जानेवारी 2012 च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया जिल्यो बेटाच्या खडकावर आपटली आणि 32 माणसे गेली. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या जवळपास सातशे प्रवाशांची जीवरक्षक कवायत तोवर झालेलीच नव्हती. नंतर नियम बदलला. आता ती कवायत बोट निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावी लागते. बार्सिलोनाहून निघणाऱ्यांना अजून एक फायदा असतो. बोटीतून उतरून ला रांब्लाच्या टोकाशी पोचायला आगगाडी लागत नाही. शेंगेन व्हिसाचे मात्र सांभाळावे लागते. वाटेत तुर्कस्तानातले कुशादासी किंवा माँटेनेग्रोतले कोटर असेल, तर बोट शेंगेनबाहेर जाऊन परत आत येते. एकदाच प्रवेशाचा व्हिसा घेतलेला प्रवासी मग कागदोपत्री समुद्रातच अडकतो.

अलास्काचे बंदर निवडताना तर 1886 सालचा अमेरिकी कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याच्या बोटीने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी घेऊन त्याच देशात परत उतरवायचे, तर वाटेत परदेशी बंदर घ्यावेच लागते. मोठ्या क्रूझ बोटी जवळपास सगळ्याच परदेशी झेंड्याच्या. म्हणून सिअ‍ॅटलहून निघालेली बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, बरेचदा संध्याकाळी आणि तेही थोडेच तास. भारतीय प्रवाशाने त्या तासांसाठी कॅनडाचा व्हिसा काढायचा. तो काढायचाच आहे तर व्हँकुव्हरहून का निघू नये? कॅनडा प्लेसचा धक्का शहराच्या मध्यावर. तिथून निघालेली बोट बेटांच्या आडोशाने उत्तरेकडे सरकते. सिअ‍ॅटलची बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या पॅसिफिकमधून जाते. ज्यांना बोट लागते त्यांच्या दृष्टीने या दोन वाटांत जमीन-अस्मानाचा फरक. अमेरिकेत मुलाकडे आलेले आई-वडील सिअ‍ॅटल घेतात, कारण मुलगा तिथे राहतो. याला उत्तर नाही.

कंपन्यांच्या नावांचा बाऊ फारसा करू नये. प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा, क्युनार्ड, कार्निव्हल ही एकाच घरची भावंडे. रॉयल कॅरिबियन आणि सेलेब्रिटी दुसऱ्या घरची. खरा फरक रीतीभातींचा. व्हायकिंगच्या सागरी बोटींवर अठराखालील मुलांना घेत नाहीत आणि कॅसिनोही नसतो. अमेरिकन कंपन्या सेवकांच्या बक्षिसीचे माणशी रोजचे साधारण 16 ते 20 डॉलर बिलात धरतात, म्हणजे चौघांचे सात रात्रींचे साडेचारशे ते साडेपाचशे डॉलर. ही रक्कम बघून कपाळाला हात लावणाऱ्याने केबिन आवरणाऱ्याचे नाव वाचावे. फर्नांडिस किंवा डिसोझा असण्याची शक्यता बरीच असते. गोव्यात सासष्टीतल्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तारवटी, म्हणजे खलाशी, जगभरच्या बोटींवर गेले. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहांत, आपापल्या गावच्या खोलीत राहून त्यांनी बोटीची वाट बघितली. त्यांना निघायचे बंदर निवडायची मुभा नव्हती आणि आजही नसते. कंपनी सांगेल तिथे जाऊन ‘साइन ऑन’ करायचे.

उरतो प्रश्न सुट्टीचा. मे महिन्यात अलास्काचा हंगाम नुकता उघडलेला असतो आणि पाऊस सप्टेंबरपेक्षा कमी. भूमध्य समुद्रातही उन्हाळ्याची झुंबड सुरू व्हायची असते. मुंबईचा मोसम मात्र आवरत आलेला असतो. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे आले की राज्यात मासेमारीही बंद, नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याशी फारसे बोलायचे नाही. म्हणूनच एम्प्रेस 2022 च्या जूनमध्ये चेन्नईला गेली आणि 2023 च्या उन्हाळ्यात तिथून श्रीलंकेच्या हंबनटोटा, त्रिंकोमाली, कांकेसंतुरैकडे फिरली. तमिळ किनाऱ्याला तेव्हा या वाऱ्यांचा त्रास कमी. दिवाळीत चित्र उलटे. युरोपचा हंगाम मावळलेला, सिंगापुरात ईशान्येचा पाऊस उंबरठ्यावर, आणि अरबी समुद्र सहसा शहाण्यासारखा वागत असतो. त्या दिवसांत बॅलार्ड पिअरहून दोन रात्रींची बोट घेणाऱ्याला व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही, बहुधा उलटीची गोळीही लागत नाही. फक्त कॅसिनो बारा सागरी मैलांपलीकडे गेल्यावर उघडतो, आणि फराळाचा डबा सुरक्षा तपासणीतून आत नेऊ देतील का, हे तेवढे आधी फोन करून विचारावे लागते.