बहिणीचे पहारेकरी

आमच्या धाकट्या पुतण्यास रक्ताचा कर्करोग जडला, तेव्हां कोणाची अस्थिमज्जा त्यास जुळते हें पाहण्यांत आलें. सख्ख्या भावंडाशीं पूर्ण मेळ बसण्याचा संभव चारांत एक. तो थोरल्या बहिणीशीं बसला. तिची मज्जा त्यास देण्यांत आली आणि आम्ही निश्चिंत झालों.

तो निश्चिंतपणा महिनाभरही टिकला नाहीं. मुलाच्या तळहातांवर लाल चट्टे उठले, जुलाब लागले, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, "मेळ बसला तरी बारीकसारीक भेद राहतातच. बहिणीच्या पेशी भावाच्या शरीरास परकें समजून त्यावर चालून जात आहेत." तें ऐकून पोर रडूं लागली. "काका, माझ्याच रक्तानें त्याला छळावें ना!" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

पुढें जें समजलें तें वाचकांपुढें ठेवतों. मूत्रपिंड बसविलें तर शरीर त्या पाहुण्यास हाकलूं पाहतें. येथें उलट प्रकार. रोग्याचे जुने पहारेकरी औषधांनीं आधींच निकामी केलेले असतात, आणि दात्याच्या टी-पेशी त्या घराच्या पहाऱ्यावर येतात. त्या घरच्या माणसांसही अडवितात. परंतु दडून बसलेला चोरही त्यांच्याच नजरेस पडतो. १९७९ सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथील डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, ज्यांस हा उपद्रव झाला त्यांच्यांत कर्करोग कमी वेळां उलटला. पुढें टी-पेशी गाळून मज्जा देऊन पाहिली, तेव्हां उपद्रव घटला, पण रोग अधिक उलटूं लागला. एकरूप जुळ्या भावंडाची मज्जा घेणाऱ्यांसही तोच अनुभव आला.

म्हणूनच डॉक्टरांनीं त्या पेशींस औषधांनीं आवरलें, पण समूळ गप्प केलें नाहीं. कमी आवरावें तर आतडीं व यकृत धोक्यांत. अधिक आवरावें तर जंतूंचें वा जुन्या रोगाचें भय. ते तीन महिने घरांत कोणी मोठ्यानें बोललें नाहीं.

आतां दीड वर्ष झालें. मुलाचा रक्तगट बदलून बहिणीचा झाला आहे. लहानपणच्या लसीही पुन्हां टोचून घ्याव्या लागल्या. हातांवरचे डाग मात्र राहिले. गेल्या भाऊबीजेस त्यानें तबकांत ओवाळणी घातली, तेव्हां ते डाग पाहून तिचा हात थबकला.

"ताई, तुझे पहारेकरी भांडखोर आहेत खरे," तो म्हणाला, "पण राहूं देत."