अंबडास बारा दिवस

आमची कन्या गेलीं नऊ वर्षें फ्रान्स देशांत ल्यों नगरीं असते. एप्रिल जवळ आला कीं तिच्या प्रत्येक पत्रांत (पत्र म्हणण्याची आमची जुनी संवय; वस्तुतः तो दूरध्वनीवरचा संदेश असतो) एकच आग्रह असे : "बाबा, या वसंतांत तुम्ही दोघें इकडेच या." त्या देशांत शाळांना एप्रिलच्या सुमारास दोन आठवड्यांची वसंताची सुटी असते, आणि ती सर्व देशाला एकदम न देतां विभाग पाडून पाळीपाळीनें देतात. शहरांतलीं कुटुंबें त्या दिवसांत खेड्यांतलें एखादें जुनें दगडी घर आठवड्याच्या बोलीनें भाड्यानें घेतात आणि तेथें कांहींहि न करतां राहतात. "कांहींहि न करतां" हे शब्द कन्येचे. पैसे मोजून कांहींहि न करण्याची ही कल्पना आमच्या मंडळींस फार चमत्कारिक वाटली. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठीं समुद्र कशाला ओलांडायचा? तीच आपली सुटी घेऊन येऊं दे, आणि आपण सगळीं माझ्या माहेरीं अंबडास जाऊं. तेथेंहि कांहीं करायचें नसतें!"

अशा रीतीनें २०२४ च्या एप्रिलांत अंबडचा बेत ठरला. थोरल्या मेहुण्यांस कळविलें, तेव्हां त्यांनीं "अवश्य या" म्हटलें. पण क्षणभर थांबून "पाणी मात्र जरा जपून वापरावें लागेल" असें जोडलें. त्या एका वाक्याचें वजन आम्हांस तेथें गेल्यावर कळलें.

मुंबई-जालना ही "वंदे भारत" गाडी २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली होती. कन्या, जामात आणि अकरा वर्षांचा नातू मुंबईस उतरून तींत बसलीं; आम्ही दोघें नाशिक रोडला चढलों. मनमाडपासून पुढचा हा लोहमार्ग निजामाच्या राजवटींत १९०० सालीं प्रथम चालू झाला. संथपणें दिवस घालवावयास निघालेल्या मंडळींनीं त्या मार्गावरच्या सर्वांत वेगवान् गाडींत बसावें, यावर जामातांनीं विनोद केला. जामातांच्या विनोदास हंसणें प्राप्तच असतें, पण हा खरोखर बरा होता. रात्रीं जालन्यास उतरून मोटारीनें दक्षिणेकडे निघालों, आणि पाऊणएक तासानें मेहुण्यांच्या वाड्याच्या दिंडीदरवाज्याशीं आलों.

वसंत म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कवींचा वसंत उभा राहतो. कालिदासानें ऋतुसंहारास ग्रीष्मापासून आरंभ केला आणि वसंताला शेवटचा मान दिला. मराठवाड्यांत ही सोय नाहीं. येथें चैत्रांत वसंत आणि ग्रीष्म एकाच दारांतून एकदम घरांत शिरतात, आणि कोणाचें स्वागत करावें हें यजमानास कळत नाहीं. पळस आटोपला होता. पण कडुनिंबाचा मोहोर रस्त्यावर तांदळाच्या कण्यांसारखा सांडलेला, करंजाला पोपटी पालवी, आणि परसांतल्या आंब्यावर कैऱ्या. पहांटे चारपासून कोकिळ. दहा वाजले कीं मात्र उन्हाची भट्टी पेटे. तेव्हां दिनक्रम आपोआप ठरला : पहांटे फिरणें, दुपारीं ओसरीवर आडवें होणें, सांजवेळीं पुन्हां बाहेर. चैत्रगौर बसलेली असल्यानें रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू. मंडळी आणि कन्या आंबेडाळ व पन्ह्याच्या तोलांत रात्रीं जेवण नको म्हणत. नातवानें पन्हें प्रथमच चाखलें आणि तिसरा पेला मागितला, तेव्हां वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

गांवाचें दैवत मत्स्योदरी. टेकडी मासोळीच्या आकाराची आणि देवी तिच्या उदरांत, म्हणून हें नांव. वर महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती अशा तीन रूपांत ती पूजिली जाते. नवरात्रांत मोठी यात्रा भरते. आम्ही पहांटेच्या गारव्यांत सावकाश पायऱ्या चढत असूं. गुडघ्यांच्या कृपेनें सावकाशीखेरीज आम्हांस गत्यंतरहि नव्हतें. संस्कृत शिकविण्याचा जन्माचा छंद. तेव्हां पायरीगणिक नातवास कांहीं तरी सांगणें आलेंच. मत्स्योदरी हें व्यासमाता सत्यवतीचेंहि एक नांव. काशींतहि मत्स्योदरी नांवाचें तीर्थ होतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजांच्या अमलांत तें आटविण्यांत आलें, आणि आज त्या भागाला मच्छोदरी हें नांव तेवढें उरलें आहे. "म्हणजे पाणी गेलें आणि नांव राहिलें," असें नातू म्हणाला. पोरें कधीं कधीं असें बोलून जातात.

अंबड हें नांव अंबरीष राजावरून पडलें असें गांवांत सांगतात. या राजाची कथा भागवताच्या नवव्या स्कंधांत आहे. एकादशीचा उपवास झालेला, द्वादशी सरत आलेली, आणि अतिथि दुर्वास मुनि स्नानास गेले ते परत येईनात. पारणें न करावें तर व्रत मोडतें; अतिथीच्या आधीं जेवावें तर अधर्म होतो. तेव्हां ब्राह्मणांनीं तोड काढली कीं राजानें केवळ पाणी प्यावें. जलप्राशन हें जेवल्यासारखेंहि आहे आणि न जेवल्यासारखेंहि. पुढें दुर्वास संतापले, कृत्या उत्पन्न झाली, सुदर्शन त्यांच्या पाठीं लागलें, तो भाग सर्वांस ठाऊक आहे. आम्हीं ही कथा वर्गांत कित्येक वेळां सांगितली असेल. पण तींतल्या ओंजळभर पाण्याकडे आमचें लक्ष अंबडासच गेलें.

कारण वाड्यांत पाण्याचा हिशेब चालला होता. शासनानें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्यांतल्या ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत अंबड होता. जायकवाडीचा डावा कालवा तालुक्याच्या दक्षिण अंगानें जातो, पण मेहुण्यांचें रान त्याच्या वरच्या बाजूस. अहिल्याबाईंच्या काळची म्हणून सांगतात ती पुष्करणी बारव एका सकाळीं पाहिली. अंबडचा परगणा तेव्हां होळकरांकडे होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहानें सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख त्यांच्या हातून गेला आणि पुढें १९४८ पर्यंत येथें निजामाचा अंमल राहिला. राज्यें अशीं हात बदलीत गेलीं. बारवेच्या पायऱ्या होत्या तेथेंच आहेत. पायऱ्या उतरूं लागलों तसतशी हवा गार होत गेली. पाणी पुष्कळ खालीं होतें. मेहुणे शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले आणि पाण्याकडे पाहत कांहीं वेळ बोललेच नाहींत.

त्याच दिवशीं सांजवेळीं ते आम्हांस मोसंबीच्या बागेंत घेऊन गेले. जालन्याची मोसंबी प्रसिद्धच आहे. २०१६ सालीं तिला भौगोलिक मानांकनहि मिळालें. या झाडाचा एक विलक्षण धर्म आहे. त्याला फुलवायचें तर आधीं पाणी तोडावें लागतें. मार्गशीर्ष-पौषांत "ताण" द्यायचा, पानें मलूल होऊं द्यायचीं, आणि मग पाणी सोडलें कीं झाड फुलानें भरून जातें. हाच आंबे बहार. परंतु हातानें दिलेला ताण वेगळा आणि आभाळानें दिलेला वेगळा. २०१२-१३ च्या अवर्षणांत मेहुण्यांची सबंध बाग जळाली होती. तीं झाडें तोडून सरपणास दिलीं, त्या वर्षीं ते आमच्याकडे नाशकास येऊन आठ दिवस राहिले होते आणि बागेबद्दल एक शब्द बोलले नव्हते. नंतर जंबेरीच्या खुंटावर बांधलेलीं कलमें आणून तीनशें वीस झाडें पुन्हां लावलीं. आतां तींच पुरत्या उमेदींत आलेलीं.

बागेचे दोन तुकडे. विहिरींत जें पाणी होतें तें एकाच तुकड्यास पुरेल, असें त्यांचें गणित. खालच्या तुकड्यास ठिबकनें पाणी, बुंध्याशीं उसाच्या पाचटाचें आच्छादन. वरच्यास फक्त आच्छादन, आणि आठवड्यास एक वेळ विकतचें पाणी, तेंहि मिळेल तेव्हां. दोन्हीं तुकड्यांतलीं लिंबाएवढीं फळें त्यांनीं स्वतःच्या हातानें उतरविलीं होतीं. फळ धरलें तर झाड जाईल. तीं फळें बांधावर ढीग करून पडलेलीं पाहून आमच्या मंडळींनीं पदर डोळ्यांस लावला. मेहुणे मात्र झाडांच्या छाटलेल्या फांद्यांना निळसर लेप लावण्यांत गढलेले होते.

"मामाआजोबा, हें काय?" नातवानें विचारलें.

"बोर्डो. मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर. डिंक्या रोग लागूं नये म्हणून."

"बोर्डो तर आमच्याकडे आहे!" पोरगा ओरडलाच. खरोखरच हें त्या फ्रेंच नगराचेंच नांव. जामातांनीं मग हकीकत सांगितली. त्या प्रांतांतले मळेवाले वाटसरूंनीं द्राक्षें खाऊं नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. नेमक्या त्याच वेली रोगापासून बचावलेल्या मिलार्दे नामक वनस्पतिशास्त्रज्ञास दिसल्या, आणि १८८५ सालीं त्यानें ही कृति प्रसिद्ध केली. मेहुण्यांस ही गोष्ट फारच आवडली. चोरासाठीं केलेला उपाय रोगास लागू पडला, असें ते दोनतीनदां घोळवून म्हणाले. आमच्या मुक्कामांत त्यांस मोकळेपणीं हंसतांना आम्हीं तेवढेंच पाहिलें. लेप आंबट राहिला आहे कीं काय हें पाहण्यासाठीं त्यांत लोखंडी सुरी बुडवून दाखविली : पात्यावर तांबूस थर धरला, तर चुना कमी पडला.

त्यानंतर फिरण्याचा बेत बागेपुढें मागें पडला. रामनवमीस, म्हणजे १७ एप्रिलला, समर्थांच्या जन्मगांवीं जांबेस जाऊन माध्यान्हीचा जन्मोत्सव पाहिला, सुंठवडा घेतला आणि परतलों. एरवीं नातू रोज सकाळीं मामाआजोबांबरोबर लेप कालवावयास हजर. वरच्या तुकड्यांतल्या तिसऱ्या ओळींतलें शेवटचें झाड त्यानें आपलें ठरविलें, आणि आपल्या आंघोळीचें पाणी बादलींत धरून तो त्याला घालूं लागला. त्याला नांव काय ठेवावें, असें त्यानें विचारलें.

मेहुणे म्हणाले, "नांव नको ठेवूंस, बाळ. नांव ठेवलें कीं तोडतांना हात अडतो."

निघतेवेळीं कन्येनें भावाकडून टँकरच्या पैशांची गोष्ट मामांपाशीं काढून पाहिली. ते "पाहूं" म्हणाले, म्हणजे नाहीं म्हणाले. वहिनींनीं पन्ह्याचा गर बाटलींत भरून दिला. तो समुद्रापार नेऊं देतात कीं नाहीं यावर गाडींत बराच वाद झाला.

सप्टेंबरच्या आरंभीं मराठवाड्यांत धो धो पाऊस झाला. त्या महिन्याच्या अखेरीस मेहुण्यांचा संदेश आला : खालचीं सर्व झाडें तगलीं, वरचीं एकेचाळीस गेलीं. तो आम्हीं ल्योंस धाडला. नातवाचा उलट प्रश्न तासाभरांत आला, आणि आम्हीं तो भीत भीत अंबडास कळविला. मेहुण्यांनीं शब्दानें उत्तर दिलें नाहीं. एक छायाचित्र पाठविलें. ओल्या काळ्या मातींत एक झाड, बुंध्याला गुडघ्याइतका निळा लेप, आणि लेपावर बोटानें ओढलेली एक रेघ : मोजणींतलें झाड ओळखावयास माळी ओढतात तशी.