लाल पट्ट्याची रुंदी

सनबर्स्टमधला काळा कोणालाही जमतो, पिवळाही जमतो. सगळं अडतं ते मधल्या लालपाशी. बेस गिटारच्या बॉडीवर हा लाल पट्टा बोटभर कमी पडला तर काळा थेट पिवळ्यावर उतरतो आणि तिथे हिरवट, मळकी झाक येते. बोटभर जास्त झाला तर पिवळं आक्रसतं. साध्या गिटारवर थोडंफार खपून जातं. बेसचं वरचं शिंग लांब असतं आणि टोकाकडे लाकूड इतकं निमुळतं होत जातं, की तिन्ही रंगांना एकमेकांवर चढल्याशिवाय जागाच मिळत नाही. माझं सारं आयुष्य त्या एका शिंगाशी भांडण्यात गेलं.

यंदा ते भांडण अवघड झालं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डाव्याचं व्हायचं आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंगच पिवळट पडतं, आणि ते इतकं सावकाश होतं की माणसाला पत्ता लागत नाही. आता एकच फळी उजव्या डोळ्याने पाहिली तर पिवळा स्वच्छ, थंड दिसतो. डाव्याने तोच पिवळा तपकिरीकडे झुकतो. लाल पट्टा कुठे संपवायचा हे पिवळ्यावर ठरतं, आणि पिवळे माझ्याकडे दोन झाले आहेत.

म्हणून रंग मिसळायला आता हाताखालचा पोरगा बसतो. चाचणीच्या फळीवर पहिला हात मारून मी विचारलं, "कसा वाटतो?" तो म्हणाला, "काका, हे पिवळं नाही, हे तं केशरी झालं." मी फळी उजेडात नेली, डावा डोळा झाकला, आणि तो बरोबर होता. मला त्याचा राग आला. त्याचा हात अजून कच्चा आहे. शिंगाच्या वळणावर स्प्रे गन थांबते आणि तिथे ओघळ येतो. पण डोळा त्याचा, हात माझा, अशी वाटणी आम्ही करून घेतली आहे.

इथल्या हवेत हे काम मुळातच हट्टी आहे. वर्ध्याच्या मे महिन्यात लॅकरचा फवारा लाकडावर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि अंगावर खर धरतो. सावकाश उडणारा थिनर घालून पहाटेच काम उरकावं लागतं. श्रावणात उलटं. हवेतला ओलावा लॅकरमध्ये अडकतो आणि काळ्या कडेवर पांढरा ढग चढतो. बर्स्टला निवांत दिवस म्हणजे दिवाळीनंतरचे. पण गिऱ्हाईक येतं ते मार्चमध्ये, कारण १४ एप्रिल तोंडावर असतो. पुलगाव, हिंगणघाट, आर्वी, सगळीकडून भीमगीतांच्या पार्ट्यांचे बेसवाले येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाला काळाच रंग हवा असतो.

काळा लोकप्रिय आहे, मान्य. पण का, याचं उत्तर वादकाच्या आवडीत शोधू नये. दुकानात समोर काळाच टांगलेला असतो म्हणून तो घेतला जातो, आणि टांगलेला असतो कारण कारखान्याला तो परवडतो. काळ्याखाली चार तुकडे जोडलेलं लाकूड खपतं, पुट्टी खपते, गाठ खपते. सनबर्स्टचा मोठेपणाही थोडा याच जातीचा आहे. काळी कड बॉडीचे सांधे झाकते. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला तो फिकट ब्लाँड रंगात. १९५४ पासून सनबर्स्ट हाच त्याचा नेहमीचा रंग झाला, आधी दोन छटांचा आणि १९५८ पासून मधे लाल घेऊन तीन छटांचा. तेव्हा कोणाला वेगळा रंग हवा असला तर ५ टक्के जादा पडत. हे वेगळे रंग ड्यूपाँटचे, मोटारींचे: फिएस्टा रेड फोर्डच्या थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. बेसवादक जेम्स जेमरसनचा १९६२ चा प्रिसिजन सनबर्स्ट होता. जॅको पास्टोरियसचा १९६२ चा जॅझ बेसही सनबर्स्टच, ज्याचे पडदे उपटून त्याने फिंगरबोर्डवर नावेला लावायचं इपॉक्सी चढवलं. जगाने सर्वात मन लावून ऐकलेल्या या दोन बेसचा रंग एकच, आणि तो कारखान्याचा बिनजादा पैशांचा रंग. लोकप्रियता म्हणतात ती अशी घडते.

तरी कोणत्या रंगाचे नेमके किती निघाले, हे कुतूहल मला सोडत नाही. गिब्सनने किती माल पाठवला याच्या वह्या ठेवल्या, म्हणून त्यांच्या फ्लाइंग व्ही गिटारी १९५८ मध्ये ८१ आणि १९५९ मध्ये १७ गेल्या हे आज सांगता येतं. फेंडरच्या रंगांचा असा हिशेब बाहेर आलेला नाही. नंबरवरून काढावा म्हटलं तर नेकच्या मागच्या प्लेटांवरचे नंबर गिटार आणि बेसला एकाच ओळीत पडत, आणि कामगार डब्यातून हाताला येईल ती प्लेट लावत. फेंडरच्याच हल्लीच्या स्क्वायरचा नंबर आयसीएस या अक्षरांनी सुरू झाला तर तो इंडोनेशियातल्या कोर्टच्या कारखान्यातला. पुढे साल कळतं. रंगासाठी त्यात एक अक्षर नाही. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्यावर तर आत घराण्याच्या नावाचं लेबल, बस. ते घडवणाऱ्या शिकलगारांच्या काळापासून किती तंबोरे लाख पिऊन बाहेर पडले, कोण मोजणार?

आणि आज हयात असलेले मोजून उपयोग नाही. सत्तरच्या दशकात नुसत्या लाकडाची फॅशन आली आणि लोकांनी चांगले रंग खरवडून काढले. वाद्यं उरली, रंग गेले. खरा हिशेब थरांखाली असतो आणि तो आमच्याच धंद्यातल्या माणसाला दिसतो. स्पिरिटने विरघळली तर लाख, थिनरने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज, आणि हीट गनशिवाय हललंच नाही तर पॉलिएस्टर. नेक जिथे बसते त्या खाचेत आणि पिकगार्डखाली जुना रंग तसाच असतो. मागे एक काळा बेस उघडला. खाचेत खाली निळा, त्याखाली लाल, आणि एका कोपऱ्यात पिवळ्याची नखाएवढी कड. कोणीतरी बर्स्ट झाकून टाकला होता. बाहेरून पाहणाऱ्याने त्याची नोंद काळ्यात केली असती.

म्हणून माझ्याकडे नियम आहे: खाच घासायची नाही. पोरगा यावर वाद घालतो. "काका, मधात गचाळ राहाते, गिऱ्हाईक काय म्हणन?" नागपूरकडचे पीयू (पॉलियुरेथेन) मारणारे त्याच्या डोक्यात बसले आहेत. ते बॉडी पार लाकडापर्यंत नागवी करतात, खाचेसकट, आणि वर आरशासारखा कोट देतात. काम चकचकीत असतं, पण वाद्याचा कागद फाडून टाकलेला असतो. त्याहून जास्त चीड मला आहे ती मुद्दाम झिजवलेल्या रंगाची. फेंडरच्या कस्टम शॉपने १९९५ च्या सुमारास असा माल आणला, आणि आता इथलीही पोरं साखळीने नवा बेस ठोकून आणतात. ज्या मनगटाने तिथे कधी घाम गाळला नाही, त्याची झीज रंगवायची? मी ते काम घेत नाही.

यात माझी हौस आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. फेंडरमध्ये टाडेओ गोमेझ नेकच्या टाचेवर आपली आद्याक्षरं आणि तारीख पेन्सिलीने लिहायचा. आज त्या दोन अक्षरांनी नेकची किंमत वाढते. ते वाचल्यापासून मीही खाचेत लिहितो: नाव, वर्धा, महिना, साल, रंग. गिऱ्हाइकाला सांगत नाही. कुणीतरी पुढे स्क्रू काढेल आणि या गावात तीन छटांचा बर्स्ट मारणारा माणूस होता हे वाचेल, या विचाराने मला जे सुख होतं ते मजुरीने होत नाही. वही ठेवली असती तर माझा आकडा मला कळला असता. पण मला वहीत जायचं नाही, लाकडात राहायचं आहे.

परवाचा पुलगावचा बेस मात्र पोराच्या पिवळ्यावर मी बर्स्ट केला. वरच्या शिंगावर लाल पट्टा पहिल्यांदा न चिरडता टोकापर्यंत गेला. खाचेत लिहिताना पेन्सील थोडी अडली. मग माझ्या नावाच्या आधी त्याचं नाव घातलं, कारण पुढे कोणी तो पिवळा पाहून वाखाणला तर तो माझा नाही.