थंड पाण्यातला पहिला गळ

मार्चचा पहिला आठवडा. रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीत कूलर गच्चीवरून खाली उतरवायची तयारी सुरू होते. महाराष्ट्र मंडळाकडून घरी येताना दुपारचं ऊन डोक्याला जाणवू लागतं. अशा दिवसांत कुणी तुम्हाला म्हणालं, “चला, बर्फाच्या पाण्यात मासे धरायला जाऊ,” तर तुम्ही काय म्हणाल? आमच्या घरात बाबा लगेच म्हणाले, “काठी मी घेतो!”

बाबांनी खारून नदीवर, महादेव घाटाच्या पुढे, कितीतरी रविवार गळ टाकून घालवले आहेत. बांबूची काठी, कणकेचा गोळा आणि भरपूर धीर, एवढंच त्यांचं सामान. धरलेला मासा कढईत जायचा, हा त्यांचा साधा नियम. माझी बारा वर्षांची मुलगी मात्र निघायच्या आधीच विचारत होती, “आजोबा, माशाला दुखत नाही का?” हा प्रश्न बरोबर घेऊनच आम्ही हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन नदीकडे निघालो.

नदी कुठे आहे?

तुम्हाला जायचं असेल तर आधी दिल्ली गाठा. तिथून मनालीला जाणारी रात्रीची बस धरा आणि मंडीच्या पुढे औटला उतरा. औटच्या मोठ्या बोगद्यात न शिरता बाजूचा रस्ता बंजारकडे जातो. बंजारहून थोडं पुढे गुशैनी हे गाव आहे. वाटेत लारजीला तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला मिळताना दिसतात. तीर्थनचं पाणी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या डोंगरांतून येतं. या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

नदीवर धरण नाही, हे पाहताक्षणी कळतं. इथे जलविद्युत प्रकल्प येऊ घातले होते. माजी आमदार दिले राम शबाब आणि गावकरी त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि खोरं वाचलं. त्या लोकांनी तेव्हा हट्ट धरला नसता, तर आज तुम्हाआम्हाला इथे येण्याचं कारणच उरलं नसतं.

परदेशी पाहुणा

ट्राउट हा मूळचा आपला मासा नाही. ब्राउन ट्राउट युरोपातला, तर रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याकडचा. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या देशातल्या माशांची आठवण येत असे. त्यामुळे १९०० च्या सुमारास ब्रिटनहून बर्फात ठेवलेली अंडी काश्मीरला आणली गेली आणि १९०९ मध्ये ट्राउट कुलू खोऱ्यात पोचला. थंड, स्वच्छ आणि भरपूर प्राणवायू असलेलं पाणी त्याला मानवलं.

पण या पाहुण्याने घरच्यांची जागाही घेतली, हे विसरू नका. या नद्यांत आधीपासून स्नो ट्राउट राहतो. नावात ट्राउट असला तरी तो खरं तर रोहू-कटल्याच्या कुळातला. हे कळल्यावर बाबा खूश झाले. “म्हणजे आपलाच भाऊबंद!” तुमच्या गळाला तो लागला, तर त्याला जपून परत सोडा.

मार्चमध्येच का?

हिमाचलमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, कारण हा त्यांचा अंडी घालण्याचा काळ. १ मार्चला हंगाम उघडतो. एप्रिलच्या शेवटी बर्फ जोरात वितळू लागतो, पाणी वाढतं आणि गढूळ होतं. मधले हे काही आठवडे पाणी काचेसारखं असतं.

काच मात्र थंडगार! बोट बुडवलं की मनगटापर्यंत कळ जाते. अशा पाण्यात मासाही सुस्त असतो. तो तळाशी, दगडांच्या आडोशाला बसून राहतो आणि खाण्यासाठी फार लांब जात नाही. म्हणून पहाटे उठून धावू नका. खारूनवर पहाट चांगली, इथे दुपार. अकरानंतर ऊन पाण्यावर येतं, किडे हलू लागतात आणि तेव्हाच माशाला भूक आठवते.

सरकारी मत्स्यविभागाचा परवाना लागतो. जाळं चालत नाही, फक्त काठी आणि दोरी. मुक्कामाच्या घरी आधीच विचारून ठेवा. परवाना आणि वाटाड्या, दोन्हींची सोय ते सांगतात.

माशी, पण खोटी

फ्लाय फिशिंगमध्ये कणीक नाही, गांडूळ नाही. गळावर पीस आणि दोरा गुंडाळून किडा तयार करतात. त्याला वजन जवळजवळ नसतंच. मग तो लांब फेकायचा कसा? इथे वजन दोरीत असतं. काठी मागे न्यायची, दोरी मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे आणायची. घड्याळात दहा आणि दोन वाजतात, तेवढ्याच अंतरात काठी फिरवायची. घाई केली की दोरीचा गुंता ठरलेला.

पहिल्या दिवशी बाबांनी गुंत्याशिवाय काही धरलं नाही. वाटाड्या हसत म्हणाला, “बाबूजी, ताकत नहीं, इंतज़ार।” दुसऱ्या दिवशी दोरी सरळ पडू लागली, पण मासा नाही. आम्ही वाहत्या पाण्यावर तरंगणारी माशी टाकत होतो आणि मासे तळाशी बसले होते. तिसऱ्या दिवशी वाटाड्याने पाण्यातल्या अळीसारखं दिसणारं, थोडं जड आमिष बांधून दिलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून मागून, खालच्या बाजूने जायचं आणि आमिष वरून वाहत येऊ द्यायचं.

साडेबाराच्या सुमारास दोरी थबकली. बाबांना वाटलं, दगडात अडकली. मग दगड चालू लागला!

दोन मिनिटांत मासा काठाला आला. वीतभराहून थोडा मोठा, पिवळसर अंगावर लाल-काळे ठिपके. बाबांनी नातीकडे पाहिलं. “तू सांग.”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सोडा.”

बाबांनी आधी हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला रोग होऊ शकतो, हे वाटाड्याने सांगितलं होतं. गळाला उलटा काटा नव्हता, तो सहज निघाला. मासा पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून धरला. त्याने दोनदा कल्ले हलवले आणि तो गेला. बाबांचे हात लाल झाले होते. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी धरलेला मासा परत सोडला.

आणि तो प्रश्न?

रात्री मुक्कामाच्या घरी गरम सिड्डू आणि तव्यावर भाजलेला ट्राउट ताटात आला. तो मत्स्यशेतीतला होता. मुलीने एक घास खाल्ला आणि म्हणाली, “आजोबा, हा पण मासाच ना? मग दुपारच्याला का सोडलं?”

बाबा म्हणाले, “पोट भरायला धरला तर तो खायचा. दुपारी आपण खेळत होतो. खेळ झाला की ज्याचं त्याला परत द्यायचं. पण दुखलं असेल त्याला. नाही म्हणणार नाही मी.”

तिला ते पूर्ण पटलं नाही. मलाही नाही. तरी इतकी वर्षं नियम एकच असलेल्या माणसाने नातीसाठी तो सैल केला, हे आम्ही दोघींनी पाहिलं.

तुम्ही गेलात तर जाड मोजे, घसरणार नाहीत असे बूट आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड नक्की न्या. मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. प्रवाह दिसतो त्यापेक्षा जोरात असतो. उथळ वाळूखड्यावर पाय ठेवू नका, तिथे अंडी असू शकतात. आणि घरातल्या एखाद्या आजोबांना बरोबर घ्या.

परत आल्यावरच्या रविवारी बाबा पुन्हा खारूनवर गेले. कणकेचा गोळा तोच, काठी तीच. एक लहान मासा लागला. त्यांनी हात भिजवले आणि तो सोडून दिला. दुसरा मोठा होता. तो मात्र कढईत गेला.