चावी कोणाकडे दिली?

म्युनिकमधल्या मराठी घरांत उन्हाळ्याला भारतातून आई-वडील येतात आणि त्यांच्यासाठी एक ठरलेला अभ्यासक्रम असतो. पहिला आठवडा जेट लॅग आणि मारियनप्लाट्झचं घड्याळ. दुसरा नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. तिसरा बायर्न तिकीट काढून साल्झबुर्ग, तिथे मोझार्टचं जन्मघर, बाहेर फोटो, आणि परतीच्या गाडीत डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या. मंडळातल्या बहुतेकांच्या अल्बममध्ये हे तिन्ही फोटो सापडतील, फक्त शेजारी उभे असलेले आई-बाबा वेगळे.

आमच्या आईने मात्र अभ्यासक्रमात बदल सुचवला. "मोझार्ट राहू दे रे. मला 'साउंड ऑफ म्युझिक' दाखव. सगळं. जिथे जिथे शूटिंग झालं तिथे तिथे."

आई पुण्यात मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. हा सिनेमा तिने कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर कॅम्पात पाहिला आणि मग नोकरीच्या तीस वर्षांत तो शाळेच्या स्नेहसंमेलनात किमान चार वेळा बसवला. नन्सचे झगे छत्रीच्या काळ्या कापडाचे शिवले होते आणि कॅप्टनची भूमिका दहावी 'ब'मधल्या सर्वांत उंच मुलीला मिळायची, एवढं मला लहानपणापासून ऐकून पाठ आहे. गुलजारचा 'परिचय' (१९७२) आला तेव्हा मास्तर झालेल्या जितेंद्रला तिने पास केलं, पण काठावर.

तेव्हा म्युनिकहून निघणारी दिवसभराची गाईडेड बस टूर बुक केली. सकाळी आठला निघायचं, रात्री आठला परत. आई, मी आणि माझी पंधरा वर्षांची लेक. बायकोला त्या शनिवारी ड्युटी होती. लेक यायला तयार झाली ती केवळ आजीचा शब्द मोडवेना म्हणून. "आजी, हा सिनेमा तीन तासांचा आहे आणि त्यात कोणी मरतही नाही," हे तिचं परीक्षण.

आईच्या हातात नेहमीची कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा, पुऱ्या आणि एक खाकी लिफाफा. तो लिफाफा ती पुण्याहून घेऊन आली होती आणि महिनाभर त्याच पिशवीत होता. आमची एरंडवण्यातली सोसायटी १९७८ सालची. तीन मजले, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. ती पाडून नवी इमारत व्हायची आहे. बारापैकी अकरा बिऱ्हाडांनी संमती दिली होती. बारावं बिऱ्हाड माझ्या शेजारी बसून खिडकीतून कीमझे सरोवर पाहत होतं. बाबा गेल्यापासून त्या घरात ती एकटीच आहे. फोनवर विषय काढला की "बघू", समोर विषय काढला की "चहा टाकते". सोसायटीच्या सेक्रेटरींचे मला आठवड्याला दोन मेसेज येत. मी त्या दिवशी विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं.

साल्झबुर्गला पोचलो तेव्हा पाऊस होता. दोरीसारख्या सरळ बारीक धारा, न थांबणाऱ्या. तिथल्या लोकांनी त्याला 'श्न्यूर्लरेगन' असं नावच देऊन ठेवलंय. १९६४ च्या उन्हाळ्यात सिनेमाच्या युनिटलाही याच पावसाने रखडवलं होतं. गाईड साठीच्या पुढच्या बाई होत्या, अस्सल साल्झबुर्गच्या. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो या नोकरीच्या मुलाखतीसाठी." बसमध्ये हशा पिकला, पण त्या खरं बोलत होत्या. जगभर डोक्यावर घेतलेला, पाच ऑस्कर मिळवलेला हा सिनेमा ऑस्ट्रियात आणि जर्मनीत चाललाच नाही. जर्मनीत तर सुरुवातीला लग्नानंतरचा सगळा नाझींचा भागच कापून दाखवला गेला. शिवाय ट्राप कुटुंबावरचा जर्मन सिनेमा इथल्यांनी १९५६ सालीच पाहिला होता. आणि 'एडलवाइस' हे ऑस्ट्रियाचं लोकगीत आहे असं आपण समजतो, ते न्यूयॉर्कच्या १९५९ च्या नाटकासाठी लिहिलेलं. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइनचं ते शेवटचं गीत, पुढच्याच वर्षी तो वारला. आईला हे ऐकून धक्का बसला. "म्हणजे आम्ही संमेलनात 'ऑस्ट्रियाचं लोकगीत' म्हणून अनाउन्स करायचो ते?" लेक म्हणाली, "आजी, तिथे ऑस्ट्रियाचं कोणी बसलं नव्हतं."

मिराबेल बागेत मात्र सगळी कसर भरून निघाली. डो-रे-मीच्या शेवटी मुलं ज्या पायऱ्यांवर उड्या मारतात त्या पायऱ्या, पेगॅससच्या घोड्याचं कारंजं, वेलींचा बोगदा, दगडी बुटके, सगळं जसंच्या तसं. छत्री एका हातात धरून आई त्या पायऱ्या चढली, थांबली, मागे वळली आणि पावसात उभ्या असलेल्या आम्हा दोघांना म्हणाली, "सा म्हणा." आम्ही म्हटला. शेजारच्या कोरियन आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आम्ही घर बघायला निघालो, आणि इथे दिवसाचा रंग बदलला. कारण सिनेमातलं ते घर कुठेच नाही. घराची पुढची बाजू म्हणजे फ्रोनबुर्ग नावाचा पिवळा वाडा. तिथे आता मोझार्टेउम या संगीत विद्यापीठाचे विद्यार्थी राहतात. मागची बाजू, जिथे होडी उलटते आणि पोहता न येणाऱ्या सर्वांत धाकट्या नटीच्या नाकातोंडात खरंच पाणी गेलं, ती लेओपोल्ड्सक्रोनच्या तळ्याकाठी. आतला जिना आणि दिवाणखाना हॉलिवूडच्या स्टुडिओत. काचेचा तो मंडप आता हेलब्रुनच्या बागेत नेऊन ठेवलाय आणि त्याला कुलूप आहे. बाकांवर उड्या मारताना एक वयस्क पर्यटक पडल्या, तेव्हापासून. आणि ट्राप कुटुंब खरोखर राहायचं ते घर चौथीकडेच, शहराच्या आयगन भागात. आमच्या बसच्या यादीत ते नव्हतंच.

तळ्याच्या अलीकडच्या काठावरून लेओपोल्ड्सक्रोन पाहताना गाईडबाईंनी सिनेमा बाजूला ठेवला. हा राजवाडा १९१८ मध्ये माक्स राइनहार्ट या मोठ्या नाट्यदिग्दर्शकाने विकत घेतला, पडका होता तो हौसेने उभा केला. साल्झबुर्गचा प्रसिद्ध महोत्सव सुरू करणाऱ्यांपैकी तो एक. पण तो ज्यू. १९३८ मध्ये नाझींनी राजवाडा जप्त केला. राइनहार्ट तेव्हा अमेरिकेत होता, तिथेच १९४३ मध्ये न्यूयॉर्कला वारला. आपलं घर त्याला परत दिसलं नाही.

आई छत्री मिटून ऐकत होती. पाऊस थांबला नव्हता.

मग बसमध्ये बाईंनी ट्राप कुटुंबाची खरी गोष्ट सांगितली. मारिया १९२६ मध्ये आली ती सात मुलांची गव्हर्नेस म्हणून नव्हे, तर आजारातून उठलेल्या एका मुलीची शिक्षिका म्हणून. लग्न १९२७ मध्येच झालं, नॉनबर्गच्या मठात. हा मठ सुमारे इसवी सन ७१४ पासून अखंड चालू आहे. कॅप्टन शिट्टी वाजवायचा हे खरं, पण स्वभावाने तो मवाळ होता. तापट होती ती मारिया. बँक बुडाली आणि त्यांचा पैसा गेला, तेव्हा घरात भाडेकरू ठेवावे लागले. गाणं हौसेचं होतं, ते हळूहळू पोटापाण्याचं झालं. आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यावर तीन निरोप आले. कॅप्टनला जर्मन नौदलात हुद्दा, डॉक्टर झालेल्या थोरल्या मुलाला नोकरी, आणि सगळ्या कुटुंबाला हिटलरच्या वाढदिवसाला गायचं आमंत्रण. तिन्ही वेळा नाही म्हटलं. मग तिथे राहणं शक्यच नव्हतं.

"आणि डोंगर चढून स्वित्झर्लंडला गेले," मागून कोणीतरी म्हणालं.

बाईंनी खिडकीतून उंटर्सबर्गकडे बोट दाखवलं. "तो डोंगर ओलांडला असता तर ते जर्मनीत उतरले असते. हिटलरच्या बंगल्याजवळ." प्रत्यक्षात ते घरामागच्या रेल्वेने गेले, इटलीला. कॅप्टनचा जन्म झादरचा, ते गाव पहिल्या महायुद्धानंतर इटलीत गेलं, म्हणून त्याच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. नऊ मुलं, दहावं पोटात. पाठीवर पिशव्या अडकवून, फिरायला जातोय असं दाखवत. त्या शरद ऋतूत बोटीने न्यूयॉर्क. आपल्यापैकी ज्यांनी दोन सूटकेसमध्ये संसार बसवून देश सोडलाय त्यांना पिशव्यांचा हिशेब कळेल. फक्त आपल्याकडे परतीचं तिकीट होतं.

बस मोंडझेला पोचली. सिनेमातलं लग्न इथल्या चर्चमध्ये झालं. दोन मनोऱ्यांची पिवळी इमारत, आत काळ्या-सोनेरी वेदी. सिनेमात मारिया एवढी लांब का चालते ते आत गेल्यावर कळतं, चर्चच तेवढं आहे. लेकीने आजीचा हात धरून तिला तो मधला रस्ता पूर्ण चालवला आणि व्हिडिओ काढला. नंतर पाऊण तासाची जेवणाची सुट्टी होती. आम्ही चौकातल्या कॅफेत ॲपफेलश्ट्रूडल मागवलं आणि वेट्रेसची नजर चुकवून पुऱ्याही काढल्या. गाईडबाई शेजारच्या टेबलावर कॉफी पीत होत्या. आई उठून त्यांच्याजवळ गेली आणि तिच्या शिक्षिकेच्या इंग्रजीत विचारलं, "निघाले तेव्हा घराची चावी कोणाकडे दिली?"

बाई तिच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. सगळे विचारतात, कॅप्टन खरंच देखणा होता का."

मग त्यांनी सांगितलं. निघताना घर धर्मगुरूंच्या एका संस्थेला भाड्याने दिलं होतं. पण थोड्याच दिवसांत ते हिमलरने घेतलं, हो, तोच, एसएसचा प्रमुख. युद्ध संपल्यावर ते कुटुंबाला परत मिळालं, पण तोवर ट्राप मंडळींनी अमेरिकेत व्हर्माँटमध्ये स्टो या गावी १९४२ मध्ये डोंगरावर शेत घेतलं होतं. साल्झबुर्गचं घर मग एका मिशनरी संघाकडे गेलं. कॅप्टन १९४७ मध्ये वारला, मारिया १९८७ मध्ये, दोघंही स्टोलाच पुरलेले.

"म्हणजे परत मिळालं, तरी परत आले नाहीत," आई म्हणाली.

"नाही आले. घर तेच होतं. आत कोण राहून गेलं होतं ते त्यांना माहीत होतं."

आई टेबलावर परत आली. थोडा वेळ श्ट्रूडलमधल्या मनुका बाजूला काढत राहिली. मग म्हणाली, "तो राइनहार्ट. त्याला सही विचारली नव्हती कोणी."

मी काही बोललो नाही. लेकीने विचारलं, "आजी, कसली सही?" आणि महिनाभर मला न सांगितलेली गोष्ट आईने तिला पाच मिनिटांत सांगितली. भीती इमारत पाडण्याची नव्हती. आजोबांनी शेवटची दोन वर्षं ज्या खिडकीशी खुर्ची टाकून काढली ती खिडकी नव्या नकाशात नाही, ही होती. अडीच वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि पंच्याहत्तरीत तेवढी वर्षं हातात आहेत की नाहीत, ही होती. "आणि मी मध्येच गेले, तर मी भाडेकरू म्हणून जाणार," असं ती म्हणाली. माझ्या डोक्यात महिनाभर बँक गॅरंटी, चटईक्षेत्र आणि मासिक भाड्याची एक्सेल शीट होती. या प्रश्नासाठी तिच्यात रकाना नव्हता.

परतीच्या वाटेवर बसमध्ये सिनेमाची गाणी लावली. अर्धी बस गात होती, लेकसुद्धा. रोझनहाइमच्या आसपास आईने खाकी लिफाफा काढून माझ्या मांडीवर ठेवला. "वाच. मराठीत सांग. परत यायचं कलम कुठे आहे ते आधी."

वाचलं. ताबा किती महिन्यांत, उशीर झाला तर काय, आणि मालक मध्येच वारला तर फ्लॅट कोणाच्या नावे, असं एकेक. तिने तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या. पेपर तपासताना करायची तशाच. चार अटी लेकीच्या वहीच्या पानावर लिहून घेतल्या. भाड्याचं घर त्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर. पारिजातकाचं झाड पाडायचं नाही. बाबांची खुर्ची तिच्याबरोबर जाणार. चौथी अट नव्या फ्लॅटच्या खिडकीची, ती पूर्वेलाच हवी.

सही तिने केली नाही. "पुण्याला जाऊन, सगळ्यांसमोर करीन. आणि अटी मान्य झाल्या तरच," म्हणाली. सेक्रेटरींना त्या रात्री मी चार अटींचा फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं: झाडाचं बघतो, खिडकीचं आर्किटेक्टला विचारतो.

म्युनिक स्टेशनला उतरलो तेव्हा सव्वाआठ वाजले होते आणि पाऊस नव्हता. लेकीने विचारलं, "आजी, जुन्या घराच्या चावीचं काय करणार?"

"बिल्डरला देणार. पावती घेऊन."