नहरपारचं खातं

नहरपारच्या गावांत दूध विकतात, ताक विकत नाहीत. खेडी कलांच्या वाटेवर ज्या घरून आम्ही म्हशीचं दूध आणतो, तिथल्या चाचींना मी नवा असताना ताकाचे पैसे विचारले होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. माझ्या हातातली किटली घेतली, काठोकाठ भरली आणि म्हणाल्या, ‘अगली बार बडा बर्तन लाना.’ ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं. इथं भांडं लपवणाऱ्यापेक्षा लहान भांडं आणणाऱ्याला जास्त बोलणी बसतात.

दुधाचंही पूर्वी असंच होतं म्हणे. दूध विकणं म्हणजे पूत विकणं, असं घरातली म्हातारी माणसं अजून म्हणतात, आणि म्हणता म्हणता दुधियाच्या मापाकडे एक डोळा ठेवून असतात. हा दुधिया पहाटे येतो, मोटरसायकलच्या दोन्ही अंगांना पत्र्याचे ड्रम लटकावून. एके काळी ही मोटरसायकल हटकून राजदूत असायची. आपल्याकडे दूधवाल्याची जी राजदूत फटफट करत गल्लीत शिरायची, ती इथलीच, फरीदाबादच्या एस्कॉर्ट्सची. दुधिया फॅट बघून भाव देतो, पैसे मात्र रोजच्या रोज देत नाही. म्हैस घ्यायला उचलही तोच देतो, आणि ती फिटेपर्यंत त्या घरचं दूध दुसरीकडे जात नाही. फिटेपर्यंत म्हणजे सहसा पुढची म्हैस घेईपर्यंत.

विकून उरलेलं दूध चाचींच्या अंगणातल्या हाऱ्यात जातं. हारा म्हणजे मातीची खोल चूल. तिच्यात गोवऱ्या नुसत्या धुमसत ठेवायच्या, जाळ होऊ द्यायचा नाही. वर मडक्यात दूध सकाळपासून दुपार कलेपर्यंत तापत राहतं, त्याला लालसर रंग येतो आणि बोटभर जाड साय धरते. रात्री विरजण, पहाटे घुसळण. तूप घरचं किंवा ठरलेल्या गिऱ्हाइकाचं, ताक गल्लीचं. कुणाची म्हैस आटली की त्या घरी ताक कोण धाडणार हे सांगावं लागत नाही, आणि काही महिन्यांनी ते उलट्या दिशेनं कोण धाडणार हेही नाही.

नहर म्हणजे आग्रा कालवा. १८७४ साली तो सुरू झाला. दिल्लीत ओखल्याला यमुनेतून निघतो आणि फरीदाबादच्या कडेनं दक्षिणेला जातो. त्याच्या पश्चिमेला शहर : रेल्वे, मथुरा रोड, कारखाने, आता मेट्रो. पूर्वेला यमुनेपर्यंत गावं, पुष्कळशी गुज्जर आणि जाट वस्तीची; गव्हाची, चाऱ्याच्या ज्वारीची, उसाची, नदीकाठी भाज्यांची. गेल्या वीसेक वर्षांत या गावांच्या मधोमध वीस-वीस मजली इमारती उठल्या आणि त्या भागाला ग्रेटर फरीदाबाद हे भारदस्त नाव मिळालं. रिक्षावाले अजून नहरपारच म्हणतात. त्यातल्याच एका इमारतीत माझं बिऱ्हाड आहे, म्हणजे कुणाच्या तरी गव्हाच्या जमिनीवर.

पलीकडचं शहर तरी कुठे फार जुनं? जहांगीराचा खजिनदार शेख फरीद यानं १६०७ मध्ये वसवलेला एक कसबा होता, मेंदीसाठी ओळखला जाणारा. आजचं औद्योगिक फरीदाबाद उभं राहिलं ते फाळणीनंतर, बन्नू आणि बाकीच्या सरहद्द प्रांतातल्या निर्वासितांच्या हातांनी. कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियननं त्यांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. तंबूतल्या माणसांनी स्वतःची घरं स्वतः बांधली. नंतर दहाएक वर्षांतच, २४ एप्रिल १९५९ ला, भारतात बनलेला आयशरचा पहिला ट्रॅक्टर याच गावातून बाहेर पडला. गहू नुकता निघालेला असतो त्या दिवसांत. रिकामं रान नांगरायला अगदी वेळेवर! साऱ्या देशाला ट्रॅक्टर विकणारं हे शहर. त्याला खेटून असलेल्या गावांचा हिशेब मात्र अजून वहीत चालतो.

चौकातल्या किराणा दुकानात ती वही आहे : लांबोडकी, लाल कापडी बांधणीची, मधोमध दुमडणारी. शेजारी मोबाइलवरून पैसे आले की ओरडून सांगणारा भोंगाही आहे. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी तिथल्या तिथे पैसे भरायचो. एकदा दुकानदार म्हणाला, ‘इतनी जल्दी किस बात की, कहीं जा रहे हो क्या?’ तो चेष्टा करत नव्हता. हिशेब पुरता चुकता करणारा माणूस इथे एक तर गाव सोडून चाललेला असतो, नाही तर रुसलेला. थोडं देणं मागे राहिलं की उद्या यायला निमित्त राहतं. मग मीही दूधवाल्या चाचींसारखा महिन्याच्या शेवटी गोल आकडा देऊ लागलो. वरचे वीस-तीस रुपये कधी माझे त्याच्याकडे, कधी त्याचे माझ्याकडे.

भोंगा बायकांना आवडत नाही. पन्नास रुपयांची खरेदी झाली की दोनशेची, हे सगळ्या गल्लीला कळतं. वहीतलं निदान वहीत तरी राहायचं. दुकानदाराला हे ठाऊक आहे. सासूनं पाठवलेली सून साबणाबरोबर स्वतःसाठी काही घेताना दिसली की तो भोंग्यावर तळहात दाबून धरतो. आवाज येतोच, पण घुसमटलेला. आकडा तेवढा कळत नाही. बँकेच्या जाहिरातीत ही सेवा नसते.

खरी मोठी वही एप्रिलमध्ये मंडीत उघडते. बल्लभगढची मंडी मोठी, तिगाव आणि मोहन्याच्या लहान. वैशाखीच्या आसपास मंडीचा सिमेंटचा ओटा दिसेनासा होतो, इतक्या गव्हाच्या ढेऱ्या. शेतकरी ट्रॉली रिकामी करून ढेरीशेजारीच खाटेवर रात्र काढतो. आढती, म्हणजे आपल्याकडचा अडत्या, सकाळी येतो, ढेरीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर दाणे काढतो आणि एक दाणा दाताखाली धरतो. कट् असा आवाज आला तर ठीक, दाणा नुसता चेपला तर त्याचा चेहराच सांगतो. त्यानंतर मीटर लावायचं. सरकारी खरेदीला १२ टक्क्यांपर्यंत ओल चालते, १४ च्या वर गेली की ढेरी उन्हात पसरून थांबायचं. मीटर आणि दात यांत फारसा फरक पडलेला मी पाहिला नाही. पडला तर बोलाचाली होते, आणि जुनी माणसं दाताच्या बाजूनं असतात. मग पंख्याच्या यंत्रातून माती-भुस्कट उडवायचं, पन्नास किलोची पोती भरायची, तोलायची, सुतळीनं शिवायची. हे बहुतेक बिहारकडचे मजूर करतात. २०२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता. पेरलेल्या पिकाची नोंद सरकारी पोर्टलवर असावी लागते, फाटकावर पास लागतो, आणि विक्रीचा कागद म्हणून आढती जे-फॉर्म देतो.

२०२१ पासून हमीभावाचे पैसे थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात येतात. त्याआधी ते आढत्याच्या हातून यायचे. तो आपली उचल आणि व्याज कापून उरलेलं द्यायचा. आता आढत्याचं काम संपलं, असं दिल्लीत पुष्कळांना वाटलं. घडलं काय, तर पैसे खात्यात आले की शेतकरी बँकेतून काढतो आणि स्वतःच्या पायांनी आढत्याच्या गादीवर नेऊन देतो. कारण भाचीच्या लग्नात ‘भात’, म्हणजे मामाचा आहेर, घेऊन जायचं असतं तेव्हा, किंवा रात्री दोनला कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं तेव्हा, दार ठोठावायला तोच असतो. तो गहाण मागत नाही, अर्ज भरून घेत नाही. व्याज शेकडा दीड-दोन रुपये, आणि ते वर्षाचं नव्हे, महिन्याचं. बँकेच्या दराशेजारी ठेवून पाहिलं तर डोळे पांढरे होतात.

म्हणून या उघड्या खात्याचं नुसतं कौतुक करत बसणं मला जमत नाही. आपल्या भीमथडीत, सुप्याला, १२ मे १८७५ ला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले होते. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. इकडे, हा भाग पंजाबच्या गुडगाव जिल्ह्यात होता तेव्हा, चौधरी छोटूराम यांनी तेच दुखणं कायद्यानं धरलं : १९३४ मध्ये कर्जमुक्तीचा, १९३८ मध्ये गहाण जमिनी परत मिळवण्याचा, १९३९ मध्ये बाजार समित्यांचा. मंडीत माप कोण धरणार आणि कटौती किती करणार यात शेतकऱ्याला बोलता येऊ लागलं ते तेव्हापासून. वही फाडावीशी वाटणं आणि वहीवाचून अडणं, या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच माणसाच्या मनात राहतात. २०२० चे तीन शेतीकायदे आले आणि वर्षभराच्या आंदोलनानंतर मागे घेतले गेले. त्या दिवसांत इथल्या खाटांवर जे बोलणं मी ऐकलं त्यात आढत्याला शिव्याही होत्या आणि त्याच्यावाचून चालायचं नाही हेही होतं, कित्येकदा एकाच वाक्यात.

गहू निघाला की सेवा देणाऱ्यांची रांग लागते. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गांव-गाडा’त बलुतेदारांचं जे चित्र काढलं, ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं आहे की इथेही मी न्हावी, कुंभार, लोहार शोधत फिरलो. आहेत, पण खळ्यावरचं धान्य त्यांना आता क्वचितच मिळतं. रोख काम, रोख दाम. नवे बलुतेदार वेगळे. कंबाइन हार्वेस्टर मालकासकट पंजाबातून येतो, किल्ल्याच्या दरानं, म्हणजे एकराच्या दरानं, कापणी करतो आणि पुढे जातो. त्याच्यामागून रीपरवाला येऊन उभ्या धांडांचा भुसा करतो, ट्रॉलीच्या हिशेबानं. मग लेझर लेव्हलरवाला, बोअरची मोटर बांधणारा मिस्त्री. भुशाचा भाव कंबाइन आल्यापासून असा चढला आहे की काही घरांत गव्हापेक्षा भुशावर जास्त वाद होतात.

कालव्याच्या काठी गाडिया लोहारांच्या दोन-तीन गाड्या असतात, पितळी खिळ्यांनी मढवलेल्या. तिथे पुरुष बसून लाल लोखंड चिमट्यात फिरवतो आणि बाई उभी राहून घण घालते. खुरपं, दरांती, चिमटा. मोडकं लोखंड दिलं तर भाव कमी. त्यांच्याकडे मात्र उधारी नाही. ज्यांचं घर चाकांवर, त्यांना कोण वही उघडू देणार?

आता राहिली जमीन. शेत असतं तोवर ती किल्ल्यांत मोजतात, विकायला निघाली की गजांत. एका किल्ल्यात ४८४० चौरस गज, हे नहरपारच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. आपल्याकडे पुण्याच्या चहूबाजूंनी एकराचे गुंठे झाले आणि गुंठामंत्री जन्माला आले; इथेही तेच सोनं, तीच पांढरी मोठी गाडी दारात, तेच दुमजली घर आणि त्याच्या मागे बांधलेली तीच म्हैस. फरक जाणवतो तो गोवऱ्यांच्या हुडव्यांत. इथे त्यांना बिटौडे म्हणतात : पुरुषभर उंचीच्या, वर निमुळत्या, बाहेरून शेणानं लिंपलेल्या आणि त्यावर बोटांनी वेलबुट्टी काढलेल्या. आपलं शेत विकलेल्या बायका बिल्डरच्या पत्र्याच्या कुंपणाला लागून, मोकळ्या राहिलेल्या तुकड्यावर बिटौडा रचतात. होळीच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतले लोक शेकड्याच्या भावानं त्यांच्याकडून गोवऱ्या नेतात आणि घासाघीस करतात.

गहू विकणारा पुढच्या एप्रिलला त्याच ओट्यावर पुन्हा येतो, दुधिया उद्या पहाटे येतो. जमीन विकणाऱ्याला त्या गिऱ्हाइकाकडे पुन्हा काही कामच उरत नाही. रजिस्ट्री झाली, चेक वटला, चहा झाला. इतका चोख व्यवहार या गावांनी कधी केला नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्याच्याबद्दल इतकं बोललं जातं.

चाचींचे थोरले दीर, ज्यांना सगळे ताऊ म्हणतात, हुक्क्याच्या खाटेवर हाच विषय लावून धरतात. त्यांनी स्वतः विकली आहे. सगळी नाही, निम्मी. एका संध्याकाळी त्यांनी माझी चौकशी केली. गाव कुठलं? वाईजवळ. जमीन? दीड एकर, आम्हा तीन भावांत. कसतो कोण? चुलतभाऊ, दरवर्षी हळद आणि घेवडा पाठवतो. हिशेब? कधी विचारला नाही. ताऊ खूष झाले. नळी माझ्याकडे वळवत म्हणाले, असंच पाहिजे, भावाला हिशेब विचारायचा नसतो, जमीन हातची सोडायची नसते, आमच्या लोकांना हे कळलं नाही. मग डोळे मिटून त्यांनी बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

‘सात हजार दो सौ साठ गज,’ ते म्हणाले. ‘बेचनी हो तो हमारे लडके से कहना. घर की बात है, एक ही परसेंट लेगा.’